आप्त कोण? कारखाना, गाव आणि विश्वासाचे प्रामाण्य

माणूस माणसावर विश्वास ठेवतो तेव्हा त्यामागे ओळखीचा चेहरा, घराण्याची माहिती, पूर्वीचा व्यवहार आणि उद्या पुन्हा समोरासमोर यावे लागणार ही जाणीव असते. परंतु जिला शरीर नाही, जिला लाज किंवा मरणाचे भय नाही आणि जिचे मालक कोण हे तिच्या दारात राबणाऱ्यालाही सहसा ठाऊक नसते, अशा कायद्याने निर्माण केलेल्या व्यक्तीवर, म्हणजे कंपनीवर, विश्वास ठेवणे शक्य आहे काय, आणि शक्य असल्यास कोणत्या आधारावर, हा प्रश्न व्यवस्थापनाच्या ग्रंथांत चर्चिला जात असला तरी मुळात तो प्रमाणशास्त्राचा, म्हणजे खऱ्या ज्ञानाची साधने कोणती हे तपासणाऱ्या शास्त्राचा, आणि त्याहून अधिक धर्मविचाराचा प्रश्न आहे. कंपनीने आपल्या हितसंबंधी घटकांशी संवाद साधावा आणि त्यातून विश्वास निर्माण करावा, असे आज सर्वत्र सांगितले जाते. हितसंबंधी म्हणजे कंपनीच्या निर्णयांचा ज्यांच्यावर परिणाम होतो किंवा ज्यांचा कंपनीवर परिणाम होऊ शकतो असे सर्व लोक, मग ते भागधारक असोत, कामगार असोत, ग्राहक वा पुरवठादार असोत किंवा कारखान्याच्या कुंपणाबाहेर राहणारे गाव असो. अमेरिकन अभ्यासक एडवर्ड फ्रीमन यांनी ही कल्पना १९८४ मध्ये ग्रंथरूपाने मांडली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, कुंपणाच्या आत काय साठवले आहे हे बाहेरच्यांना माहीत नसण्याची किंमत भोपाळच्या वायुगळतीत हजारो प्राणांनी चुकवली गेली.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. भीमा नदीच्या काठाने पसरलेला हा मुलूख पर्जन्यछायेतला आहे; कालव्याचे पाणी पोहोचले तेथे ऊस उभा राहिला आणि जेथे पोहोचले नाही तेथे ज्वारी, मेंढरे आणि विहिरीच्या तळाशी साचलेल्या पाण्याचा हिशेब राहिला. अशा भूमीत पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर रांजणगाव आणि पुणे-सोलापूर रस्त्यावर कुरकुंभ या दोन औद्योगिक वसाहती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वसवल्या. रांजणगावात फियाट, एलजी, व्हर्लपूल, हायर, आयटीसी अशा कंपन्यांचे कारखाने आले, तर कुरकुंभ मुख्यतः रसायने आणि औषधी द्रव्ये तयार करणाऱ्या कारखान्यांसाठी ओळखले जाऊ लागले. दोन्ही ठिकाणी गावाचे दैवत कारखान्यांच्या आधीपासून आहे. रांजणगावचा महागणपती अष्टविनायकांपैकी एक, कुरकुंभची फिरंगाई ही पंचक्रोशीतल्या अनेक घरांची देवी, आणि दौंडच्या पूर्वेला भीमेच्या पलीकडच्या तीरावर सिद्धटेक. जेथे श्रद्धेची भाषा इतकी जुनी आणि सवयीची आहे तेथे नव्याने आलेली कंपनी लोकांकडे विश्वास मागते, तेव्हा ती नेमके काय मागत असते हे पाहणे आवश्यक ठरते.

या दोन सत्तांमध्ये, देव आणि कंपनी यांच्यात, कायद्याच्या दृष्टीने एक विलक्षण साम्य आहे. भारतीय कायदा प्रतिष्ठापित देवतेला विधिमान्य व्यक्ती मानतो. म्हणजे तिला मालमत्ता धारण करता येते, तिच्या नावाने दावा दाखल करता येतो आणि तिच्या हिताचे रक्षण न्यायालयाला करावे लागते. कंपनीही अशीच विधिमान्य व्यक्ती असून, ती तिच्या भागधारकांहून स्वतंत्र असते हे तत्त्व इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९६ मध्ये सॉलोमन खटल्यात पक्के केले. दोघांनाही स्वतः बोलता येत नाही आणि दोघांच्या वतीने माणसेच बोलतात, देवाच्या वतीने सेवेकरी व विश्वस्त आणि कंपनीच्या वतीने संचालक व अधिकारी. मात्र साम्य येथेच संपते. देवतेच्या बाबतीत कायद्याने हे ओळखले आहे की तिचे बोलणारेच तिच्या हिताविरुद्ध जाऊ शकतात. म्हणून प्रमथनाथ मलिक खटल्यात १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, देवतेच्या वतीने स्वतंत्र आणि निःस्वार्थी प्रतिनिधी न्यायालयापुढे उभा राहिला पाहिजे असा मार्ग सुचवला. कंपनीच्या बाबतीत तिचे संचालक जे सांगतात तेच तिचे म्हणणे मानले जाते. २०१३ च्या कंपनी अधिनियमातील कलम १६६ संचालकांना भागधारकांबरोबर कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांच्या हितासाठी सद्भावनेने वागायला सांगते खरे, परंतु ओढ्याकाठच्या शेतकऱ्याला त्या कलमाचा आधार घेऊन संचालकाला प्रश्न विचारण्याची सोपी वाट त्यात दिसत नाही. देवासाठी जी सावधगिरी कायद्याने बाळगली ती कंपनीच्या शेजाऱ्यासाठी बाळगलेली नाही, आणि विश्वासाचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

विश्वास आणि अवलंबन यांत फरक करणे येथे उपयोगी आहे. तत्त्वज्ञ ॲनेट बायर यांनी १९८६ मध्ये लिहिलेल्या निबंधात दाखवल्याप्रमाणे, ज्यावर माणूस अवलंबून असतो ते बिघडले तर त्याची निराशा होते, पण ज्यावर विश्वास ठेवला त्याने दगा दिला तर माणूस दुखावला जातो. कारण विश्वास ठेवताना त्याने स्वतःचे काहीतरी नाजूक दुसऱ्याच्या सद्भावनेच्या हवाली केलेले असते. गावाने कारखान्याच्या हवाली केलेले असे नाजूक काय असते? जमीन तर गेलेलीच असते. हवाली केलेली असते ती हवा, भूजल आणि घरातल्या मुलाचा कंत्राटी कामावरचा दिवस. यांपैकी कशाचाही करार झालेला नसतो आणि कशाचीही किंमत ठरलेली नसते, म्हणून येथे गावाचे कारखान्याशी असलेले नाते खरेदी-विक्रीचे राहत नाही, ते भरवशाचे होते, मग कोणी तसे म्हणो वा न म्हणो.

कोणाच्या शब्दावर भरवसा ठेवावा याचा सर्वांत काटेकोर विचार भारतीय परंपरेत न्यायदर्शनाने केला आहे. न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्याबरोबर शब्द, म्हणजे दुसऱ्याचे सांगणे, हेही ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानते. मात्र ते साधन ठरण्यासाठी सांगणारा आप्त असला पाहिजे अशी अट घालते. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. गौतमाच्या न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायन सांगतो त्याप्रमाणे आप्त तो, ज्याने ती गोष्ट स्वतः प्रत्यक्ष जाणली आहे, जशी जाणली तशीच दुसऱ्याला कळावी अशी ज्याची इच्छा आहे आणि त्या इच्छेनेच जो बोलायला प्रवृत्त झाला आहे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते असे भाष्यकार पुढे आवर्जून सांगतो, आणि ही त्या विचाराची मोठी उंची आहे. कारण अधिकार जन्मातून, पदातून किंवा प्रतिष्ठेतून येत नाही, तो जाणण्यातून आणि सांगण्याच्या प्रामाणिक इच्छेतून येतो. या कसोटीने पाहिले तर विहिरीचे पाणी कोणत्या वर्षापासून फेसाळते आणि कोणत्या वाऱ्याला वास येतो हे सांगणारी कुरकुंभजवळच्या पांढरेवाडीची शेतकरी स्त्री त्या विषयात आप्त ठरू शकते, आणि मुंबईतल्या कार्यालयातून पत्रक काढणारा जनसंपर्क अधिकारी ठरत नाही, कारण त्याने ती गोष्ट जाणलेलीच नसते.

कंपन्यांच्या अहवालांची भाषा या संदर्भात विचार करायला लावणारी आहे. त्यांत निर्णय घेण्यात आलेला असतो, उपाय योजण्यात आलेले असतात, हितसंबंधींशी चर्चा करण्यात आलेली असते. पण घेणारा, योजणारा आणि चर्चा करणारा कोण हे वाक्यातून नाहीसे झालेले असते. मीमांसादर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे मीमांसकांनी, वेदाचे प्रामाण्य सिद्ध करताना असा युक्तिवाद केला होता की वेद अपौरुषेय आहे, त्याला कर्ताच नाही, आणि कर्ता नाही म्हणून कर्त्याचे अज्ञान, लोभ किंवा फसवण्याची इच्छा हे दोषही त्यात शिरू शकत नाहीत. अहवालाची कर्तृहीन भाषा नकळत हीच निर्दोषता स्वतःकडे ओढून घेते. परंतु अहवालाला कर्ता असतो, त्याचा पगार असतो, त्याची बढती असते, आणि त्याचे दोष लपलेले असतात म्हणून ते नसतात असे होत नाही. न्यायमताप्रमाणे सांगणारा समोर उभा राहिल्याशिवाय शब्दाची परीक्षाच सुरू होत नाही. त्यामुळे संवादाची पहिली अट अशी निघते की गावाशी बोलताना कंपनीच्या वतीने ज्याला त्या विषयाचे प्रत्यक्ष ज्ञान आहे असा माणूस, म्हणजे प्रक्रिया चालवणारा अभियंता, सांडपाणी केंद्राचा प्रमुख किंवा पाळी सांभाळणारा पर्यवेक्षक, आपल्या नावानिशी आणि मराठीतून बोलला पाहिजे.

आता संवाद कशाला म्हणावे हे पाहू. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य काय हे ठरवण्यासाठी, प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे दोन्ही पक्षांनी केलेली चर्चा म्हणजे वाद; केवळ जिंकण्यासाठी, छल आणि शब्दांची फिरवाफिरव वापरून केलेली चर्चा म्हणजे जल्प; आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता दुसऱ्याचे खोडून काढत राहणे म्हणजे वितंडा. आजच्या मराठीत वाद म्हणजे भांडण असा अर्थ रूढ असला तरी शास्त्रात तो चर्चेचा सर्वांत निर्मळ प्रकार आहे, आणि तो गुरू, शिष्य, सहाध्यायी व हितेच्छू अशा मत्सररहित लोकांशी करावा असे सांगितले आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी आपसांत करावयाच्या चर्चेचेही असेच दोन प्रकार येतात: संधायसंभाषा म्हणजे सख्याने केलेली आणि विगृह्यसंभाषा म्हणजे विरोधाने केलेली. सख्याच्या चर्चेत मोकळेपणाने बोलावे, मोकळेपणाने विचारावे, आपण हरू या भीतीने अस्वस्थ होऊ नये आणि समोरचा हरला तर हर्ष मानू नये, हा चरकाचा उपदेश कोणत्याही आधुनिक संवादविषयक मार्गदर्शिकेपेक्षा नेमका आहे. त्याचे मर्म हरण्याच्या भीतीत आहे. ज्या बैठकीत कंपनी हरूच शकत नाही, म्हणजे गावाने काहीही सांगितले तरी तिचा एकही निर्णय बदलण्याची शक्यता नसते, ती बैठक कितीही सौजन्याने पार पडली तरी वाद नव्हे.

कायद्याने असा वाद घडवून आणण्याचा एक प्रयत्न केला आहे आणि त्यातच मोठी फट ठेवली आहे. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना मंजुरीपूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवते, किमान ३० दिवस आधी जाहीर सूचना देते आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी तिच्यावर देखरेख करतो. परंतु मंजूर औद्योगिक वसाहतींच्या आत येणाऱ्या प्रकल्पांना याच अधिसूचनेने लोकविचारविनिमयाच्या टप्प्यातून सूट दिली. पुढे त्या सुटीच्या व्याप्तीवर बरीच परिपत्रके आणि खटले झाले, पण तिचा गाभा टिकून राहिला. वसाहत एकदा मंजूर झाली की तिच्यातला प्रत्येक कारखाना आपोआप मान्य समजावा, असा त्यामागचा तर्क आहे. कुरकुंभसारख्या ठिकाणी या तर्काचा अर्थ असा होतो की रसायनांचे उत्पादन जेथे सर्वाधिक एकवटले आहे, नेमके तेथेच कारखाना उभा राहण्यापूर्वी शेजाऱ्याला प्रश्न विचारण्याचा हक्क सर्वांत क्षीण आहे. प्रशासनाची सोय म्हणून हा नियम समजण्यासारखा असला तरी न्याय म्हणून तो समर्थनीय नाही, कारण धोका वाटून घेणाऱ्याची संमती एकदाच आणि सर्व काळासाठी, तीही पुढे काय बनणार हे माहीत नसताना, गृहीत धरली जाते.

भोपाळनंतर दुसरी एक वाट उघडली होती. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती करून घातलेल्या कलम ४१-ख ने, धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखान्याने त्या धोक्यांची आणि ते टाळण्याच्या उपायांची माहिती कामगारांना, कारखाने निरीक्षकांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि परिसरातील सर्वसामान्य जनतेला दिली पाहिजे असे बंधन आणले. १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमण्याची तरतूद केली. येथे माहिती हा गावाचा हक्क आहे, कंपनीची कृपा नाही, ही गोष्ट विसरता कामा नये. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये कुरकुंभच्या एका रासायनिक कारखान्याला आग लागून परिसरात घबराट पसरली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी त्याच वसाहतीतील एका कारखान्यावर छापा टाकून मेफेड्रोन या अमली पदार्थाचा शेकडो किलोंचा साठा पकडला. पहिली घटना अपघाताची आणि दुसरी गुन्ह्याची, तिथल्या इतर कारखान्यांवर तिचा दोष लादणे अन्यायाचे होईल. पण दोन्हींनी शेजाऱ्यांच्या मनात एकच प्रश्न उभा केला की भिंतीच्या आत काय शिजते हे आपल्याला कळण्याचा मार्ग कोणता. एकाच्या गुन्ह्याने साऱ्या वसाहतीच्या शब्दाची किंमत उतरली आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या कारखान्यालाही ती पुन्हा मिळवण्याचे ओझे उचलावे लागले.

शब्दाची किंमत कशी ठरते यावर मीमांसक आणि नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, यांच्यात शतकानुशतके चाललेला विवाद येथे अतिशय उपयोगी पडतो. कुमारिलासारखे मीमांसक ज्ञानाचे प्रामाण्य स्वतः मानतात. म्हणजे ज्ञान झाले की ते खरेच धरावे, आणि त्याला बाध आणणारे काही समोर आले तरच सोडावे. नैयायिक ते परतः मानतात; म्हणजे ज्ञान खरे की खोटे हे त्याच्या बाहेरच्या कशाने तरी, मुख्यतः त्यावरून केलेली कृती सफल होते की नाही यावरून, ठरते. त्यांचे नेहमीचे उदाहरण पाण्याचे आहे. दूरवर पाणी दिसले, माणूस तिथे गेला, प्यायला आणि तहान भागली, तर मूळचे ज्ञान खरे होते. कंपनीला साहजिकच पहिली भूमिका सोयीची वाटते: परवाने आहेत, प्रक्रिया केंद्र आहे, चाचण्यांचे निकाल मर्यादेत आहेत, तेव्हा दोष सिद्ध होईपर्यंत आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवा. गाव मात्र दुसऱ्या भूमिकेवर उभे असते, आणि कुरकुंभ-पांढरेवाडीच्या परिसरात ओढ्या-विहिरींच्या पाण्याबद्दल वर्षानुवर्षे तक्रारी होत आल्या असताना त्याने तेथे उभे राहणे योग्यच आहे. तेथे नैयायिकांचे उदाहरण दृष्टांत राहत नाही; पाणी खरोखरच शेंदून, पिऊन, पिकाला देऊन पाहावे लागते, आणि अशी पारख स्वतःच्या अंगावर घेणे हा गावावर लादलेला अन्याय आहे.

परतःप्रामाण्यावर मीमांसकांचा आक्षेप असा होता की प्रत्येक ज्ञान दुसऱ्याने तपासायचे, ते दुसरे तिसऱ्याने, तर या साखळीला अंत राहणार नाही. कंपन्यांचे अधिकारीही थकून हेच म्हणतात की कितीही चाचण्या दाखवल्या तरी लोक आणखी मागतात. यावर न्यायपरंपरेने दिलेले उत्तर विश्वासाच्या घडणीचे उत्तम वर्णन आहे. अपरिचित स्थितीत, जिला अनभ्यासदशा म्हणतात, प्रत्येक सांगणे तपासावे लागते. पण एकाच प्रकारचे सांगणे पुन्हा पुन्हा खरे ठरले की अभ्यासदशा येते आणि मग नवे सांगणे आधीच्या खऱ्या ठरलेल्या सांगण्यांच्या जातीचे आहे एवढ्यावरून माणूस ते स्वीकारतो, दर वेळी तपासत बसत नाही. विश्वास म्हणजे अशी कमावलेली अभ्यासदशा होय. तिच्यासाठी दोन गोष्टी लागतात: दीर्घ काळ आणि पडताळ्याची सूत्रे ऐकणाऱ्याच्या हाती असणे. कंपनीनेच निवडलेल्या प्रयोगशाळेने, कंपनीनेच ठरवलेल्या दिवशी, कंपनीनेच दाखवलेल्या ठिकाणचा नमुना घेतला तर कितीही निकाल साचले तरी अभ्यासदशा येत नाही, कारण त्यांत सांगणाराच पडताळणारा असतो. येथेच ध्यानात येते की कंपनी विश्वास निर्माण करते हे म्हणणे चुकीचे आहे. विश्वास निर्माण करण्याची शक्ती कंपनीकडे नसतेच. ती विश्वासास पात्र होऊ शकते, तो द्यायचा की नाही हे गावाच्या अधिकारातले आहे, आणि न देण्याचा अधिकार ज्याला आहे त्याने दिलेल्या विश्वासालाच काही अर्थ असतो.

या अधिकाराला बगल देण्याचा सर्वांत प्रचलित मार्ग दानाचा आहे. २०१३ च्या कंपनी अधिनियमातील कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वाच्या कामांवर खर्च करावी लागते आणि स्थानिक क्षेत्राला प्राधान्य द्यावे लागते. या पैशातून शाळांच्या खोल्या बांधल्या जातात, जलशुद्धीकरण यंत्रे बसतात, बंधाऱ्यांतला गाळ निघतो, आणि या कामांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण धर्मशास्त्राने दान आणि ऋण यांत केलेला भेद येथे लागू पडतो. दान हे ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही त्याला द्यायचे असते. ऋण हे ज्याचे घेतले त्यालाच फेडायचे असते, आणि ऋण असताना केलेल्या दानाने ऋण फिटत नाही. ज्या गावाचे भूजल वापरले किंवा बिघडवले त्याला सभामंडप बांधून देणे हे दान असू शकेल, उत्तर असू शकत नाही. गाव ते स्वीकारते, कारण त्याला गरज असते, आणि स्वीकारल्यावर प्रश्न विचारण्याची त्याची जीभ जड होते. असे दान घेणाऱ्याला बांधून ठेवते, म्हणून ते सात्त्विक राहत नाही.

याहून बिकट प्रकार ठेक्यांचा आहे. भंगार उचलणे, मालवाहतूक, कामगार पुरवणे यांचे ठेके कोणाला मिळावेत यावरून औद्योगिक पट्ट्यात दडपण, अडवणूक आणि कधी खंडणीही होते, आणि स्थानिकांशी संवाद हे शब्द ऐकताच अनेक व्यवस्थापकांच्या डोळ्यांपुढे प्रवेशद्वारावर जमाव घेऊन आलेला पुढारी उभा राहतो. त्यांची भीती खोटी नाही. गावही जल्प आणि वितंडा करते, भूमिपुत्रांच्या नावाने एकट्याचा ठेका मागितला जातो, आणि हे मान्य न करता केवळ कंपनीला उपदेश करणे अप्रामाणिक होईल. परंतु कंपनी यातून जो धडा घेते तो चुकीचा आहे. ती उपद्रव देऊ शकणाऱ्याला हितसंबंधी मानते आणि उपद्रव सोसणाऱ्याला मोजत नाही. व्यवस्थापनशास्त्रातही कोणाकडे अधिक लक्ष द्यावे हे ठरवताना सत्ता, वैधता आणि तातडी या तीन कसोट्या सांगितल्या गेल्या, आणि व्यवहारात पहिलीच उरली. नीतीचा क्रम उलटा असला पाहिजे: ज्याच्याजवळ कंपनीला त्रास देण्याची शक्ती सर्वांत कमी आणि कंपनीमुळे त्रास होण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे. कंत्राटी कामगार, ओढ्यावर मेंढरे पाजणारा धनगर, विहीर नसलेली वस्ती यांच्याशी झालेली बैठक ठेकेदारांच्या बैठकीपेक्षा शांत असते, आणि तिच्यात वादाची, म्हणजे सत्य शोधण्याची, शक्यता कितीतरी अधिक असते.

हितसंबंधींनाच मालक केले तर संवाद आपोआप होईल, अशी एक आशा महाराष्ट्राने सहकारी साखर कारखान्यांच्या रूपाने जोपासली. दौंड तालुक्यात पाटसचा भीमा आणि शिरूर तालुक्यात न्हावऱ्याचा घोडगंगा हे कारखाने त्याच आशेची फळे होत. येथे ऊस देणारा शेतकरीच सभासद, सभासदच मतदार आणि मतदारच मालक. उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडकही पाठीशी. तरीही वार्षिक सभेत विषय वाचले जाताच मंजूर, मंजूर असा गजर करून कामकाज संपवण्याची रीत राज्यभर रूढ झाली, आणि भीमा पाटस कारखाना काही हंगाम बंद राहून पुढे खासगी समूहाला भाडेतत्त्वावर द्यावा लागला. मालकी वाटून घेतल्याने संवाद घडत नाही. गजरात बुडालेला सभासद आणि परिपत्रकाने गप्प केलेला शेजारी यांची स्थिती एकच आहे. दोघांच्याही प्रश्नाला ठरलेला वेळ, लेखी उत्तर आणि उत्तराचा पडताळा मिळालेला नसतो.

पुणे-सोलापूर रस्त्यावरून दरवर्षी संत तुकारामांची पालखी यवत, वरवंड करीत पुढे जाते. तुकोबांच्या चरित्रपरंपरेत एक प्रसंग सर्वश्रुत आहे: घरातल्या सावकारीची खतपत्रे त्यांनी भावाशी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. तो प्रसंग बहुधा वैराग्याचा म्हणून सांगितला जातो, पण त्यात व्यवहाराचेही तत्त्व आहे. ज्याच्या हाती खत आहे आणि ज्याच्या अंगावर कर्ज आहे त्या दोघांत मोकळे बोलणे होऊ शकत नाही. बलवानाने आपल्या बळाचे साधन स्वतःहून बाजूला ठेवल्यावरच ते होते. कंपनीने नदीत बुडवावीत अशी तिची खतपत्रे कोणती, असा प्रश्न विचारला तर उत्तर अगदी ठोस आहे: बैठकीचे विषय एकटीने ठरवण्याचा अधिकार, कोणाला बोलवायचे हे निवडण्याचा अधिकार, चाचणी करणारी संस्था नेमण्याचा अधिकार आणि माहिती व्यापारी गुपित म्हणून झाकण्याचा अधिकार. गावाची ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते. तिच्यापुढे येऊन मराठीत हिशेब देणे कंपनीला कोणत्याही कायद्याने मना केलेले नाही. शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नियमांनुसार जो उत्तरदायित्व अहवाल द्यावा लागतो, त्यात हितसंबंधींशी झालेल्या संवादाची माहिती असते; ती ज्यांच्याविषयी आहे त्यांना वाचता येत नसेल तर तो अहवाल गुंतवणूकदारांशी झालेला संवाद ठरतो.

एक पक्ष मात्र कोणत्याच सभेला येऊ शकत नाही. दौंडवरून जाणारी भीमा उजनीच्या जलाशयात शिरते आणि पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते. वारकरी ज्या पाण्यात स्नान करतो ते या कारखान्यांच्या मुलखातून आलेले असते, पण पंढरपूरचा माणूस कुरकुंभच्या बैठकीत नसतो आणि नदीला वाणी नाही. २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना विधिमान्य व्यक्ती ठरवले आणि काही महिन्यांतच सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. व्यवहारातल्या अडचणी खऱ्या असल्या तरी त्यामागची जाणीव योग्य होती. देवतेच्या वतीने बोलायला निःस्वार्थी प्रतिनिधी हवा हे १९२५ मध्ये मान्य होऊ शकले, तर ओढ्याच्या आणि भूजलाच्या वतीने कंपनीशी बोलायलाही तसाच प्रतिनिधी, कंपनीचा पगार न घेणारा आणि गावातल्या कोणत्याही ठेक्यात भागी नसलेला, नेमता येईल. महाविद्यालयातला रसायनशास्त्राचा अध्यापक, शेजारच्या तालुक्यातला निवृत्त जलसंपदा अभियंता किंवा खालच्या अंगाच्या गावातली शेतकरी स्त्री ही भूमिका पार पाडू शकेल. तशी व्यवस्था होईपर्यंत ओढ्याच्या पाण्याचा नमुना कोणत्या दिवशी, कोठून आणि कोणाच्या देखत घ्यायचा हे कंपनीने एकटीने ठरवू नये, अशी अट ग्रामसभेने ठराव करून घालणे न्यायशास्त्राला पूर्णपणे धरून आहे.